सिंगापूरला वर्क परमिटवर जाताना: बरोबरी किती, बोलणं किती

भाऊ, वेल्डर म्हणून सिंगापूरला निघतोस आणि दोन गोष्टी विचारतोस: आपल्यासारख्या सावळ्या माणसाला तिथं बरोबरीनं वागवतात का, आणि अन्याय झाला तर तोंड उघडता येतं का. दोन्ही सोबतच समजून घे.

तिथल्या राज्यघटनेचं कलम 12 म्हणतं, कायद्यापुढं सर्व व्यक्ती समान. ते तुलाही लागू आहे. भाषण आणि सभेचा हक्क देणारं कलम 14 मात्र फक्त नागरिकांसाठी. आपल्याकडंही कलम 14 सगळ्यांना आणि कलम 19 नागरिकांनाच आहे, पण इथं आपण नागरिक असल्यानं त्याची झळ कधी लागत नाही. तिथं पहिल्या दिवसापासून लागेल.

2020 च्या जनगणनेत तिथल्या रहिवाशांत सुमारे 74 टक्के चिनी, साडेतेरा टक्के मलाय, 9 टक्के भारतीय होते. 1964 मध्ये चिनी-मलाय दंगली झाल्या, त्याची धास्ती सरकारनं सोडलेली नाही. 1989 पासून सरकारी घरांच्या इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं, याचीही मर्यादा ठरलेली आहे. वंशावरून मुद्दाम मन दुखावणारं बोललं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी तुला रंगावरून शिवी दिली तर हा कायदा तुझ्या बाजूनं आहे. तू चिनी फोरमनला किंवा मलाय सोबत्याला तसलं काही बोललास, तर तोच तुझ्यावर येईल. पानठेल्यावर जातीधर्मावरून जी टिंगल चालते, ती इथंच ठेवून जा. गावाच्या ग्रुपवरचे धर्माचे व्हिडिओही पुढं ढकलू नको. खोट्या माहितीविरुद्धचा 2019 चा कायदा खासगी मेसेजलाही लागतो, आणि परमिट रद्द झालं की परतीचं विमान.

मोर्चा, घोषणा, कामबंद यांच्या वाटेला जाऊ नको. परवान्याशिवाय एकट्यानं फलक धरून उभं राहणंही गुन्हा ठरू शकतं. होंग लिम पार्कमध्ये लोकांना भाषणासाठी राखलेली 'स्पीकर्स कॉर्नर' नावाची जागा आहे, तिथल्या सभेतही परदेशी माणसाला परवान्याशिवाय भाग घेता येत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये चीनहून आलेल्या बसचालकांनी पगारातल्या तफावतीवरून काम थांबवलं. तक्रार खरी होती, तरी पाच जणांना तुरुंग झाला आणि 29 जणांना मायदेशी धाडलं. मला हे अन्यायाचं वाटतं. पण निघण्याआधी ते माहीत असलेलं बरं.

मग बोलायचं कसं? कागदावर. तिथं तुझ्या कामाचा रस्ता हाच आहे.

विमानात बसण्याआधी आयपीए नावाचं मंजुरीपत्र हातात घे. त्यात मूळ पगार, भत्ते आणि कपात लिहिलेली असते. एजंटनं तोंडी सांगितलेला आकडा आणि हा आकडा जुळत नसेल तर निघू नको. तिथं गेल्यावर हाच कागद पुरावा ठरतो. तिथल्या एजंटला परमिटच्या दर वर्षामागं एक महिन्याचा पगार, आणि एकूण जास्तीत जास्त दोन महिन्यांचा, एवढीच फी घेता येते. इथल्या दलालाचे पैसे वेगळे. त्यासाठी वावर गहाण पडलं की माणूस अन्याय गिळून बसतो. खरी गोची तिथं होते.

पगाराचा काळ संपल्यापासून सात दिवसांत पगार मिळायला हवा, ओव्हरटाइमला दीडपट दर आणि आठवड्यात एक सुट्टी. दर महिन्याची पावती मागून घे, कामाचे तास स्वतः वहीत लिही. पैसे अडले तर टाडम नावाच्या, सरकार, कामगार संघटना आणि मालक यांनी मिळून चालवलेल्या संस्थेकडं तक्रार करता येते: नोकरीत असताना घटनेपासून सहा महिन्यांत, नोकरी सुटल्यावर शेवटच्या दिवसापासून दोन महिन्यांत. बरेचजण मालकाच्या 'पुढच्या महिन्यात देतो' वर विसंबून ही मुदत घालवतात. पासपोर्ट मालकाकडं ठेवायला देऊ नको.

बरोबरीबद्दल एक आणखी. सर्वांना लागू असा किमान वेतनाचा कायदा तिथं नाही, म्हणून एकाच कामाला वेगवेगळ्या देशांच्या मजुरांना वेगळा पगार असू शकतो. सरकारी कार्डावर जात नसते, पण डॉर्मिटरीत आडनाव विचारून ती काढणारे आपलेच लोक भेटू शकतात. आपला ॲट्रॉसिटी कायदा तिथं चालत नाही. असा त्रास झाला तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून सुपरवायझरला आणि मनुष्यबळ मंत्रालयाला लेखी कळव.

आयपीए, करार आणि पासपोर्टच्या झेरॉक्सचा एक संच घरी भावाकडं ठेव, आणि फोटो काढून त्यालाच पाठव.