इमॅटिनिब सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

ताई, सीएमएलचं, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचं, निदान ऐकलं की हातपाय गळतात. मी त्यातून गेलोय. बारा वर्षं त्यावरची ही इमॅटिनिबची ४०० मिलीग्रॅमची गोळी रोज घेतोय, म्हणून सांगतो.

गोळी उपाशीपोटी कधीच नको. पहिल्या आठवड्यात मी ती नुसत्या चहावर घेतली आणि दिवसभर मळमळलं. पोटभर जेवण, मोठा पेलाभर पाणी, वेळ रोज एकच. मी रात्रीच्या जेवणाची धरली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरं वाटलं की गोळी सोडणं. रक्ताचे आकडे सुधारतात ते गोळीमुळेच! डॉक्टरांना न विचारता एक दिवसही खाडा नको. तरी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

- ग्रेपफ्रूट बंद. काढा, आयुर्वेदिक औषध, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच.
- डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे बऱ्याच जणांना येतात. पुढच्या भेटीत सांगा. ताप, रक्तस्राव, धाप किंवा झपाट्याने वाढलेलं वजन असेल तर मात्र त्याच दिवशी फोन करा.

सुरुवातीला बीसीआर-एबीएल तपासणी (रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणारी) साधारण दर ३ महिन्यांनी होते, तिचे रिपोर्ट एकाच फाइलीत लावा. बाकीचं हळूहळू कळेल. आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच पुढचं आणून ठेवा.