पाणी ओतण्याआधी वजन करा

याही महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची: कास्टिंगची स्लिप, म्हणजे साच्यात ओतून भांडी घडवायचं माती-पाण्याचं मिश्रण, घट्ट झाली. घट्ट म्हणजे पाणी कमी, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

प्रश्न : स्लिप साच्यात नीट ओतली जात नाही म्हणून पाणी घालतो. मग कप वाळताना तडकतात. काय चुकतंय?

पाणीच. लिटरचं माप स्लिपने काठोकाठ भरा आणि तोला. साधारण १.७५ ते १.८ किलो भरायला हवं. १.८ किलो म्हणजे आकारमानाने जवळजवळ निम्मी माती. कणांमुळे द्रव किती दाटतो याचा आइनस्टाइनने १९०६ मध्ये मांडलेला हिशेब दोन-तीन टक्के कणांपुरताच. निम्म्यावर कण एकमेकांच्या अंगावर असतात, एखादा टक्का वाढला तरी घट्टपणा झपाट्याने चढतो. तरीही स्लिप वाहते ती कणांवरच्या विद्युत प्रभारामुळे; सारख्या प्रभाराचे कण एकमेकांना लोटतात. वजन बरोबर असून वाहत नसेल, तर प्रभाराकडे बघा.

प्रश्न : स्लिप पातळ करायला सोडियम सिलिकेटऐवजी खाण्याचा सोडा चालेल?

नाही. वापरतात तो धुण्याचा सोडा.

प्रश्न : पुस्तकात प्रभाराने कलिलाची (बारीक कण तरंगणाऱ्या द्रवाची) विष्यंदिता, म्हणजे घट्टपणा, वाढते असं आहे. तुम्ही उलट लिहिता. (एम.एस्सी.चा विद्यार्थी)

दोन्ही खरं. विरळ कलिलात प्रत्येक कण आयनांचं वलय घेऊन फिरतो, ते ओढायला थोडा जास्त जोर लागतो. स्मोलुकोव्स्कीने १९१६ मध्ये मांडला तो हाच परिणाम. दाट मातीत मात्र प्रभार गेला की कण कडेने-पाठीने चिकटून पत्त्यांचा बंगला उभा करतात आणि पाणी आत अडकतं. दह्याचं बघा. पाणी दुधातलंच; सामू ४.६ कडे उतरला, केसिन या दुधातल्या प्रथिनाचा ऋणप्रभार गेला, दही लागलं. उत्तरात कण विरळ की दाट ते आधी लिहा.

प्रश्न : २ किलो कोरड्या मातीच्या स्लिपमध्ये दुकानदाराने दिलेलं पातळ करणारं द्रावण चमचाभर घातलं, मस्त वाहू लागली. दुसऱ्या चमच्याने पुन्हा घट्ट. भेसळ आहे का?

भेसळ कशाला, चमचाच पुरे. अशा बाटल्यांत बहुधा सोडियम सिलिकेटच असतं, रंग आणि किंमत वाढवून. घटक छापलेले नसतील तर घेऊ नका. सिलिकेट कोरड्या मातीच्या ०.२ ते ०.५ टक्के लागतं. तुमच्या मातीला ४ ते १० ग्रॅम. चहाचा एक चमचा सुमारे ७ ग्रॅम. पहिला बरोबर बसला, दुसऱ्याने घात केला. सिलिकेट कणांच्या कडांनाही ऋण करतं, म्हणून कण एकमेकांना लोटतात. त्यापुढचा सोडियम पाण्यात साचून वलय दाबतो, लोटणं संपतं आणि कण पुन्हा चिकटतात. घातलेलं काढता येत नाही. म्हणून पाच पेल्यांत सारखी स्लिप घ्या, थेंब मोजून वाढवा, भोक पाडलेल्या डब्यातून ती किती सेकंदांत गळते ते लिहा. सगळ्यात पातळ बिंदूच्या जरा अलीकडे थांबा. ‘आमचे उस्ताद अंदाजानेच घालायचे’ हे मला ऐकवू नका. उस्तादांची माती वेगळ्या खाणीची होती. खाण बदलली की नमुना माहितगाराला दाखवा.

प्रश्न : बोअरचं पाणी चालतं का?

जड असेल तर नाही. कॅल्शियमवर दोन प्रभार, तो सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत कण चिकटवतो. पाणी तपासून घ्या.

प्रश्न : पिंपाच्या तळाशी तीन महिने दगडासारखा थर आहे. वाळवून फोडू का?

तिसऱ्या दिवशी विचारायचं होतं. सिलिकेट जास्त झालेली स्लिप अशीच बसते. कोरडी मुळीच फोडू नका, सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. पाणी शिंपडून ओलाच खरवडा आणि एक ढेप सिरॅमिक प्रयोगशाळेत दाखवा.