‘एकटीच’मधला ‘च’

गेल्या काही वर्षांत माझ्या दादरच्या समुपदेशन कक्षात एक अडचण इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. एकट्याने प्रवास करण्याची भीती वाटत नाही. रेल्वेचे आरक्षण, लॉज शोधणे, परक्या शहरात रिक्षावाल्याशी भाडे ठरवणे, हे सारे नीट जमते. पण जेवणाची वेळ झाली की हॉटेलच्या दारातून पाय मागे फिरतात. कंपनीच्या कामासाठी दर महिन्याला बेंगळुरूला जाणारा एक तरुण अभियंता रोज रात्री मोबाइलवरून जेवण मागवून खोलीतल्या पलंगावर बसून जेवत असे. पत्नीच्या निधनानंतर प्रथमच एकटे काशीला गेलेले एक निवृत्त शिक्षक चार दिवस दूध आणि केळी यांवर राहिले होते. हे सर्वजण बोलण्याची सुरुवात मात्र एकाच वाक्याने करतात : “तसं हे काही फार मोठं नाही.” मला ते मोठे वाटते. ज्या माणसाला परगावी स्वस्थ बसून पोटभर जेवता येत नाही, तो तिसऱ्या दिवशी थकतो, चिडतो आणि प्रवास आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढून घरी परततो.

यांपैकी एका बाईंची हकिगत येथे सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि आठ बैठकांतले मोजकेच बोलणे निवडले आहे. त्यांना मी ‘ताई’ म्हणत असे; येथेही तेच म्हणेन.

ताई बावन्न वर्षांच्या. बालपण लालबागच्या चाळीत गेलेले, आता राहायला डोंबिवलीला. विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडली, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, आणि यजमानांना घराबाहेर झोप येत नाही म्हणून प्रवासाची मुळीच आवड नाही. ताईंना मात्र तंजावर पाहायचे होते. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, हे त्यांनी शाळेत असताना ऐकले होते आणि तेव्हापासून तो मनात धरून ठेवला होता. त्याआधी सराव म्हणून त्या तीन दिवस म्हैसूरला एकट्या जाऊन आल्या होत्या. राजवाडा पाहिला, चामुंडी टेकडी पाहिली, आणि तिन्ही दिवस घरून नेलेल्या दशम्या, चटणी आणि बिस्किटे खोलीत बसून खाल्ली.

“एकदा गेले होते मी एका हॉटेलात,” त्या म्हणाल्या. “वेटरनं विचारलं, किती जण? मी म्हटलं, मी एकटीच आहे. त्यानं चार खुर्च्यांच्या टेबलाकडे हात केला आणि मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. कॉफी घेतली आणि बाहेर पडले. जेवायला गेले होते, मॅडम.”

मी त्यांना प्रथम एक प्रयोग सांगितला. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले आणि नंतर विचारले, की किती जणांच्या तो लक्षात आला असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच तो आठवला. आपल्याला वाटते त्याच्या साधारण निम्मेच लोक आपल्याकडे पाहत असतात, असा त्याचा अर्थ मी मोठ्या विश्वासाने उलगडून सांगितला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे पाव लोक तरी बघतातच ना?”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. येथेच माझा कल सांगून टाकते. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ज्यांचे विचार मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस माझे गुरू. प्रत्यक्ष भेटीतले नव्हे, पण विचारांतले. ‘कोणी पाहत नाही’ हा दिलासा एलिस यांच्या दृष्टीने अपुराच आहे, कारण एखाद्याने खरोखर पाहिले की तो दिलासा तिथेच कोसळतो. त्यांचा प्रश्न अधिक कठीण आणि म्हणून अधिक उपयोगाचा आहे : समजा, पाहत आहेत, मग त्यात भयंकर ते काय? एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना, स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जात आणि बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रीशेजारी बसून बोलायला सुरुवात करत. शंभर स्त्रियांशी बोलणे झाले, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. तरी भीती गेली, कारण इतक्या नकारांनंतरही आपले काहीच बिघडलेले नाही हे त्यांना अनुभवाने समजले होते.

मी ताईंना तोच प्रश्न विचारला. “ते पाहताहेत असं धरू. काय म्हणत असतील?”

“बिचारी, हिला कोणी नाही.”

हे उत्तर मला अपेक्षित होते. त्यानंतर जे झाले ते अपेक्षित नव्हते, आणि त्या क्षणाकडे मी आजही समाधानाने पाहते. ताईंच्या आजी लालबागला खाणावळ चालवत, हे पहिल्या भेटीत ओझरते आले होते. गिरणीत काम करणारे, बायकामुले गावी ठेवून आलेले वीस-बावीस कामगार पाळीनुसार दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवत. गिरणगावात अशा घरोघरच्या खाणावळी बायकांनीच चालवल्या. त्यांच्या कष्टांना हक्काचा आधार मिळावा म्हणूनच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. मी ताईंना विचारले, की ते कामगार जेवायला कसे येत?

“पाळी सुटेल तसे. कधी दोघे, कधी एकटे.”

“एकटा आलेला कामगार पाटावर बसून जेवताना तुम्ही पाहिला असेल. तेव्हा तुमच्या मनात काय येई?”

“काही नाही. दमून आलाय, भूक लागलीय, जेवतोय.” आणि मग त्या थांबल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. खाली दादरच्या भाजीवाल्यांचा गलका चालू होता, तो ऐकू येत राहिला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणे हे मी फार उशिरा शिकले.

“आजी मात्र सगळ्यांच्या शेवटी जेवायची,” त्या म्हणाल्या. “ओट्याला टेकून. आईसुद्धा. मीसुद्धा. म्हणजे मी रोज एकटीच जेवते, मॅडम. तेव्हा कुठं लाज वाटते?”

त्या दिवशी मला जे उमगले ते मी पुढे अनेकांच्या बाबतीत तपासून पाहिले आहे. अडचण एकटेपणाची नसते. घरी सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले अन्न उभ्याने खाणारी बाई एकटीच असते, पण ती कोणासाठी तरी राबून मग जेवते, म्हणून तिला संकोच वाटत नाही. हॉटेलात मात्र ती केवळ स्वतःसाठी खुर्ची अडवते, स्वतःसाठी पदार्थ निवडते, दुसऱ्या माणसाकडून वाढून घेते, आणि हे सारे चारचौघांत करते. तिची लाज या घेण्याची असते. एकेकाळी मुंबईच्या उडुपी आणि इराणी हॉटेलांत बायकांना ‘फॅमिली रूम’मध्ये, आडोशाला बसवत; बाहेरच्या टेबलांवर एकटा पुरुष कटिंग चहा घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचू शके. ती दारे निघाली, तरी आडोसा मनातून निघालेला नाही. पुरुषांमध्ये याच लाजेचे रूप थोडे वेगळे असते : त्या निवृत्त शिक्षकांना आयुष्यभर कोणीतरी वाढले होते, आणि एका माणसाचे जेवण मागताना वाढणारी आता नाही हे परक्या वेटरसमोर उच्चारावे लागत होते. त्यांच्याशी आधी पत्नीविषयी बोलावे लागले, जेवणाविषयी नंतर.

मग मी ताईंचे लक्ष एका अक्षराकडे वेधले. “वेटरनं ‘किती जण’ विचारल्यावर तुम्ही ‘एकटीच’ म्हणालात. हा ‘च’ कशासाठी?” त्या हसल्या, त्यांना लगेच कळले. मराठीतला हा ‘च’ येथे माफी मागतो. ‘चार खुर्च्या अडवते आहे, क्षमा करा’ असे तो वेटरला परस्पर सांगून टाकतो. आम्ही ठरवले, की पुढच्या वेळी उत्तर ‘एक’ एवढेच द्यायचे.

सराव मुंबईतच केला, आणि मी सर्वांना हेच सुचवते, की परगावी जाण्याआधी आपल्या शहरात, पण आपल्या गल्लीपासून दूर सुरुवात करावी. सुरुवात चहाने. धोबीतलावच्या कयानीसारख्या १९०४ पासून चालत आलेल्या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा घेऊन एकटे बसणे ही या शहराची जुनी रीत आहे. तिथे पहिला धडा सोपा जातो. मग न्याहारी, मग दुपारचे जेवण, आणि रात्रीचे जेवण सर्वांत शेवटी, कारण रात्री आजूबाजूला कुटुंबे असतात आणि मन अधिक हळवे असते. दुपारी बाराच्या सुमारास किंवा संध्याकाळी सातला जावे. टेबल सहज मिळते आणि वेटरलाही घाई नसते. पहिल्या एक-दोन वेळा भिंतीकडे पाठ करून बसायला हरकत नाही. पुस्तक न्यावे, पण ताट आले की मिटावे. मोबाइलबाबत मी अधिक कडक आहे : ढालीआड लपून जेवलेल्या माणसाला हेच शिकायला मिळते, की ढाल होती म्हणून वाचलो.

ताईंना दुपारच्या जेवणासाठी मी माटुंगा स्टेशनजवळच्या, १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये पाठवले. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळते, आणि तंजावरलाही पानच समोर येणार होते. परत आल्यावर कोण पाहत होते हे मी विचारले नाही. पानात काय काय होते, एवढेच विचारले. ताईंना भात आणि पापड एवढेच आठवले. नऊ मिनिटांत जेवण उरकून त्या बाहेर पडल्या होत्या. मी पुन्हा पाठवले. दुसऱ्या खेपेला भाजीतले खोबरे, रसमातली मिरी, ताकाचा आंबटपणा हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले. चव आठवणे ही माझी मोजपट्टी आहे, आणि ती मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही. लक्ष एकाच वेळी लोकांच्या नजरेवर आणि जिभेवर पूर्णपणे राहू शकत नाही. जिभेवर राहिले असेल, तर उरलेले काम आपोआप होत असते.

एक गोष्ट मात्र कोणीही संकोचाच्या खात्यात टाकू नये. संकोच आणि धोका वेगळे असतात. कोणी सारखे रोखून पाहत असेल, बोलावले नसताना येऊन बसत असेल, कुठे उतरला आहात असे विचारत असेल, तर तिथे धीटपणा सिद्ध करण्याची गरज नाही. उठावे, गल्ल्यावरच्या माणसाला स्पष्ट सांगावे, आणि लॉजचे नाव किंवा खोलीचा क्रमांक कोणालाही सांगू नये. ज्या बाया आपली भीती खोटी ठरवण्याच्या नादात ही खूणही दुर्लक्षित करतात, त्यांना मी थांबवते.

ताई डिसेंबरात तंजावरला जाऊन आल्या. शिलालेख पाहिला, अक्षरे मोडीत नसून देवनागरीत आहेत आणि बोटाने ओळ धरत थोडी वाचता आली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. जेवणाचे मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितले. तिथे वेटरला मराठी येत नव्हते आणि त्यांना तमिळ. त्याने भुवया उंचावून हातानेच विचारले, आणि ताईंनी एक बोट वर केले. “बोटाला ‘च’ लावता येत नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. एका लांब टेबलावर, अनोळखी माणसांच्या रांगेत त्यांना जागा मिळाली. रसम त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि मग तिसऱ्यांदाही.

आता त्यांना हंपीला जायचे आहे. तिथे अंधार पडल्यावर जेवायला बाहेर जावे की लॉजवरच जेवणाची सोय पाहावी, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उरलेली बैठक आम्ही नकाशा पुढे घेऊन लॉज कुठल्या बाजूला असावा हे ठरवण्यात घालवली.