उद्या मतदान आणि भाची आज गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात?

प्रश्न: ताई, माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत असते, अजून व्हिसावरच आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर गाडी काढून पेनसिल्व्हेनियात प्रचाराला जायचं म्हणते. आदल्या दिवशी प्रचार बंद नसतो का? आणि आपलं राज्य सोडून दुसरीकडे कशाला? व्हिसावर असताना हे चालतं का?
– काळजीतली मावशी

उत्तर: मावशी, आपल्याकडे मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना मतदारसंघ सोडावा लागतो, म्हणून तुम्हाला हे विचित्र वाटणारच. तिकडे तसं नाही, मतदानाच्या दिवशीसुद्धा दारोदार फिरता येतं, फक्त मतदान केंद्राजवळ प्रचार चालत नाही, किती अंतरापर्यंत ते राज्याराज्यात वेगळं असतं.

दुसऱ्या राज्यात का, तर तिकडे देशभरातली मतं एकत्र मोजून राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात आणि मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला तिथली सगळी मिळतात. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेलंय, तिथे शेवटच्या दिवशी फिरून फारसं काही हलत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाची मतं (आधी २०, २०२४ला १९) मात्र २०१६ला ट्रम्पना, २०२०ला बायडनना, २०२४ला परत ट्रम्पना, आणि २०१६ला फरक होता जेमतेम ४४ हजारांचा. मग पोरी गाडी काढून तिकडे जातात यात नवल काय, कॅलिफोर्नियातले लोक असेच नेवाडात जातात.

आता खरं महत्त्वाचं सांगते, कारण नवीन मुलं इथेच चुकतात. आदल्या दिवशी कुणाचं मत बदलायला जायचं नसतं. हातात जी यादी देतात ती बहुतेक आपल्याच बाजूच्या पण मतदानाला जातीलच याची खात्री नसलेल्या लोकांची असते, आधीच मत देऊन झालेल्यांची नावं जमेल तेवढी गाळलेली असतात. दारात उभं राहून एवढंच विचारायचं, उद्या किती वाजता जाणार, केंद्र माहितीये का, जायची सोय आहे का. वाद घालणारा भेटला तर नमस्कार करून पुढचं दार, एका वादात चार घरं राहून जातात हो. आणि याचा उपयोग होतो बरं का, १९९८ साली तिकडच्या न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी प्रयोग केला होता, ज्यांच्याशी दारात प्रत्यक्ष बोलणं झालं त्यांच्यात मतदान ८-९ टक्क्यांनी वाढलं, फोन करून काहीच फरक पडला नाही. म्हणून मला या मुलींचं मनापासून कौतुक वाटतं, घरबसल्या फोन करणं सोपं होतं तरी त्या जातायत.

दोन गोष्टी तिला नक्की सांगा. कुणी घरी नसेल तर पत्रक दाराला अडकवायचं, घराच्या टपालपेटीत टाकायचं नाही, टपाल तिकिटाशिवाय त्या पेटीत काही टाकणं केंद्रीय कायद्यात बसत नाही. आणि तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे बहुतेक वेळा मतदानाच्या दोनच दिवस आधी, त्यामुळे सोमवारी पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. अनोळखी गल्लीत अंधारात दारं वाजवायला नको, सकाळी लवकर निघा म्हणावं आणि जोडीनेच फिरा.

राहिला व्हिसा. तिकडच्या निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे परदेशी नागरिकाला प्रचारात बिनपगारी काम करता येतं. पैसे मात्र एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, आणि प्रचाराचे निर्णय जिथे होतात त्यात भाग घ्यायचा नाही. पेट्रोलचा खर्चसुद्धा ज्या मैत्रिणी तिकडच्या नागरिक आहेत त्यांनीच केलेला बरा, उगीच शंका नको. मानधन देऊ केलं तर सरळ नाही म्हणायचं, ते घेतलं तर ती नोकरी झाली आणि व्हिसाचा प्रश्न तिथेच सुरू होतो.