मीटिंगमध्ये सगळे गप्प, नंतर काम ठप्प

प्रश्न : मी एका मल्टिनॅशनल कंपनीत टीम लीड आहे. हेड ऑफिस अमेरिकेत, माझी टीम तीन देशांत, त्यात काही जण जपानचे. कॉलवर मी प्लॅन दाखवतो, काही अडचण आहे का विचारतो, कुणी चकार शब्द काढत नाही, आणि मग आठवड्याभराने कळतं की काम पुढे सरकलेलंच नाही आणि का ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बॉस म्हणतो, हा कल्चरचा प्रॉब्लेम आहे, ॲडजस्ट कर. म्हणजे नक्की काय करू?

उत्तर : ‘कल्चरचा प्रॉब्लेम’ म्हटलं की बरं असतं, मग कुणालाच काही करावं लागत नाही! पण तुमच्या बाबतीत बॉस अर्धा तरी बरोबर आहे.

मोठ्या जपानी कंपन्यांत जुनी रीत अशी की खरा निर्णय मीटिंगमध्ये होतच नाही. ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाला आधी वेगळं गाठून बोलून घ्यायचं, याला ते नेमावाशी म्हणतात, मग रिंगीशो नावाचा प्रस्तावाचा कागद खालून वर एकेका टेबलावरून फिरतो आणि त्यावर एकेकाचा शिक्का पडत जातो. मीटिंगपर्यंत वाद मिटलेला असतो, तिथे फक्त मोहोर उमटवायची. आणि तुम्ही नेमके त्याच वेळी सगळ्यांसमोर विचारताय की काही अडचण आहे का. आता कोण बोलणार? अमेरिकन पद्धत उलटी, निर्णय पटकन घ्या, चुकला तर नंतर बदला. जपानी पद्धतीत ठरायला वेळ लागतो पण एकदा ठरलं की काम भराभर होतं, त्यामुळे ‘ते स्लो आहेत’ असं हेड ऑफिसला वाटतं तेव्हा ते फक्त पहिला भाग बघत असतात.

तर कॉलच्या दोनतीन दिवस आधी प्लॅन पाठवा, एकेकाशी पाच-दहा मिनिटं बोला, आणि ‘अडचण आहे का’ विचारू नका, ‘यात कुठे अडेल’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणून सुटता येतं, दुसऱ्याला काहीतरी सांगावं लागतं. आणि तुमचा बॉस कॉलवर असेल तर त्याच्यासमोर कुणाकडून विरोध वदवून घ्यायच्या फंदात पडू नका.

आता बॉसच्या म्हणण्यातला चुकीचा उरलेला अर्धा. हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेले एक लाखाहून जास्त फॉर्म अभ्यासले आणि देशांना स्कोअर दिले, वरिष्ठांसमोर माणसं किती दबतात, अनिश्चितता किती सोसतात वगैरे. ट्रेनिंगमध्ये आजही तेच चार्ट फिरतात. पण ते स्कोअर देशाच्या सरासरीचे आहेत, समोर बसलेल्या माणसाचे नाहीत, हे खुद्द हॉफस्टेडनेच सांगितलंय, आणि एकाच कंपनीच्या लोकांवरून अख्खा देश कसा ओळखायचा हा मॅकस्वीनी या अभ्यासकाने 2002 मध्ये घेतलेला आक्षेप मला तरी पटतो.

माझा जास्त विश्वास आहे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यावर. जनरल मोटर्सचा हा प्लांट गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटासोबत भागीदारीत नम्मी नावाने पुन्हा सुरू झाला, कारभार टोयोटाच्या पद्धतीने. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. फरक काय, तर दोष दिसला की कुणीही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकत होता आणि दोरी ओढली की टीम लीडर ओरडायला नाही, मदतीला धावत यायचा. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या आसपास गेली. ही माणसं अशीच, त्यांचं कल्चरच तसं, असं म्हणणाऱ्यांची तिथे पंचाईत झाली असणार.

म्हणून तुमच्या टीममध्ये मागच्या वेळी ज्याने ‘हे जमणार नाही’ म्हटलं त्याचं पुढे काय झालं ते आठवून बघा. त्याच्याच गळ्यात जादा काम पडलं असेल किंवा रिव्ह्यूमध्ये ‘निगेटिव्ह’ असा शेरा आला असेल, तर लोक गप्प बसायला जपानी असायची काही गरज नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या जर्मन ऑफिसात ग्लोबल पॉलिसी लागू करायला गेलं की दर वेळी ‘वर्क्स कौन्सिलला विचारावं लागेल’ म्हणतात. हा त्यांचा स्वभावच का?

उत्तर : स्वभाव नाही हो, कायदा आहे. तिथे कामगारांनी निवडलेल्या या कौन्सिलला ड्यूटीच्या वेळा, वागणुकीचे नियम अशा गोष्टींत बरोबरीने ठरवायचा हक्क आहे. शिवाय 1976 च्या कायद्यानुसार दोन हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत सुपरवायझरी बोर्डाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या बाजूच्या. वॉलमार्टने तिथे सहकाऱ्यांच्या प्रेमप्रकरणांवर बंधन घालणारी आचारसंहिता परस्पर आणली, ती 2005 मध्ये कोर्टात अडली, आणि 2006 मध्ये कंपनीने जर्मनीतून गाशाच गुंडाळला (कारणं अर्थात आणखीही होती, स्वस्त मालाच्या स्पर्धेत ते मार खात होते). पॉलिसीचा ड्राफ्ट कच्चा असतानाच कौन्सिलला दाखवा, आणि लाँचची तारीख त्यांच्याशी बोलून झाल्यावरच जाहीर करा.