ईईप्रॉम टिकवायचे आणि कोडही झाकायचा

प्रश्न : आमच्या तापमान नियंत्रकात ॲटमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे आणि कॅलिब्रेशनचे आकडे तिच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आहेत. यूएसबीएएसपीने (संगणकावरून चिपमध्ये लिहिणारा प्रोग्रामर) नवा प्रोग्राम टाकला की ते उडतात. आर्डुइनोच्या बूटलोडरने (चिपमध्येच बसलेला, सीरियलवरून नवा कोड घेणारा छोटा प्रोग्राम) टाकायचो तेव्हा टिकायचे. असे का? कोड कुणी वाचू नये म्हणून लॉक लावला, तर चिप कायमची बंद होईल का?

उत्तर : फ्लॅश (कोड साठवणारी मेमरी) लिहिण्याआधी एव्हीआरड्यूड, म्हणजे यूएसबीएएसपी चालवणारे संगणकावरचे सॉफ्टवेअर, आपणहून ‘चिप इरेज’ करते. त्यात ३२ केबी फ्लॅश, १ केबी ईईप्रॉम आणि लॉक बिट्स पुसले जातात. फ्यूज, म्हणजे चिपचे वर्तन ठरवणारे सेटिंगचे बिट्स, तेवढे राहतात. बूटलोडर फ्लॅशची पाने एकेक करून बदलतो, ईईप्रॉमला हात लावत नाही.

उपाय हाय फ्यूज या बाइटमध्ये आहे. त्यातला ईईसेव्ह (इरेज करतानाही ईईप्रॉम राखणारा) म्हणजे बिट ३ शून्य करा : कोऱ्या चिपवर हेक्स डी९ असते ते डी१ होईल, आर्डुइनो उनोच्या चिपवर डीईचे डी६. एव्हीआरच्या (ॲटमेगा ज्यात येते ते चिप-कुटुंब) फ्यूजमध्ये ० म्हणजे चालू, आणि घोळ होतो तो इथेच. चुकून बिट ७ शून्य झाला तर रीसेटची पिन जाते, यूएसबीएएसपीला चिप सापडतच नाही, मग १२ व्होल्टचा पॅरलल प्रोग्रामर शोधावा लागतो. म्हणून आधी फ्यूज वाचा आणि तेवढा एकच बिट बदला.

चिप कायमची बंद होत नाही. लॉक बाइट एफसी केली की बाहेरून वाचणे-लिहिणे थांबते. चिप इरेज केल्यावर लॉक निघतो, पण त्याआधी फ्लॅश कोरी झालेली असते. लॉक लागल्यावर फ्यूजही बदलत नाहीत आणि पडताळणीही होत नाही. तेव्हा आधी फ्यूज, मग फ्लॅश आणि ईईप्रॉम लिहून पडताळा. लॉक अगदी शेवटी.

आता दोन्ही एकत्र केल्यावरची गोम. ईईसेव्ह चालू असतानाही कुणीही चिप इरेज करू शकतो. कोड जाईल, लॉक सुटेल, पण ईईप्रॉम जसेच्या तसे राहील आणि सरळ वाचता येईल. कॅलिब्रेशनचे आकडे दिसले तर बिघडत नाही. पासवर्ड किंवा किल्ली मात्र तिथे ठेवूच नका, ती फ्लॅशमध्ये असू द्या. बूटलोडरही काढून टाका : ऑप्टिबूटसारखा बूटलोडर लॉक असतानाही सीरियलवरून फ्लॅश वाचून देऊ शकतो.

एवढे करूनही वीज जाता-येताना आकडे बिघडत असतील, तर ब्राउनआउट (व्होल्टेज घसरले की चिप थांबवणारी सोय) बंद असू शकते. एक्स्टेंडेड फ्यूज एफडी केला की २.७ व्होल्टच्या खाली चिप रीसेटमध्येच थांबते आणि अर्धवट लिखाण टळते.