जावाच्या प्रशिक्षणासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी का?

पुण्यात कर्वेनगर येथे चौदा जणांची सॉफ्टवेअर फर्म चालवणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या जर्मन ग्राहकाने जावा 8 (प्रोग्रामिंग भाषा) आणि स्प्रिंग बूट 2.7 (जावात प्रणाली उभारण्याचा तयार सांगाडा) यांवर चालणारी प्रणाली जावा 21 आणि स्प्रिंग बूटच्या नव्या आवृत्तीवर नेण्यास सांगितले आहे. एका प्रशिक्षण संस्थेने बारा प्रोग्रामरांसाठी दहा दिवसांचा वर्ग माणशी 45,000 रुपये, म्हणजे एकूण 5,40,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, या दराने देऊ केला आहे. फर्मच्या चालू खात्यात साधारण सहा लाख रुपये असतात, पगारावर महिन्याला नऊ लाख जातात आणि बिलाचे पैसे साठ दिवसांनी येतात. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली आठ लाखांची मुदत ठेव मोडावी, कर्ज घ्यावे की प्रशिक्षण वर्षभर पुढे ढकलावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण प्रशिक्षण पुढे ढकलू नये आणि ठेवही मोडू नये, असे माझे मत आहे. मात्र समोर आलेला वर्ग आहे तसा घेणेही मला योग्य वाटत नाही.

पुढे ढकलू नये, याचे कारण तांत्रिक असले तरी त्याचा परिणाम थेट आपल्या उत्पन्नावर होतो. स्प्रिंग बूट 2.7 चा विनामूल्य आधार नोव्हेंबर 2023 मध्ये संपला, त्यामुळे नव्या सुरक्षा दुरुस्त्या त्या आवृत्तीला मोफत मिळत नाहीत, आणि ही गोष्ट ग्राहकाच्या लेखापरीक्षणात आज ना उद्या अडचणीची ठरणारच. स्प्रिंग बूट 3 पासून पुढे किमान जावा 17 लागते, आणि जकार्ता ईई 9 (व्यावसायिक जावाचे प्रमाण) पासून पॅकेजांची, म्हणजे कोडच्या गटांची, नावे 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' अशी झाल्यामुळे जुना कोड केवळ नव्या जेडीकेवर (जावाच्या विकास संचावर) ठेवून चालत नाही. जावा 8 हे 2014 चे आणि जावा 21 हे 2023 चे. मधल्या नऊ वर्षांत कोडचे विभाग पाडणारे मॉड्यूल आले, एक्सएमएल हाताळणाऱ्या जेएएक्सबीसारखे भाग जावा 11 मध्ये जेडीकेमधून काढले गेले, आणि 21 मध्ये एकाच वेळी अनेक कामे चालवणारे हलके व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. जावा 8 वर हात बसलेल्या माणसाला नवी वाक्यरचना आठवडाभरात जमते. खरी दमछाक होते ती लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच), बिल्डची म्हणजे कोडपासून प्रणाली बांधण्याची रचना आणि अशा कोडसंचांवरील जुन्या अवलंबनांपाशी, आणि ती अडचण तयार पाठ्यक्रमात नसते, आपल्याच कोडमध्ये असते.

आता खर्चाकडे वळू. आपण पत्रात फक्त शुल्क मोजले आहे. बारा माणसे, दहा दिवस, रोज आठ तास म्हणजे 960 तास होतात. आपल्या सांगण्यानुसार त्यांतले तीन-चतुर्थांश तास बिलात जातात आणि दर तासाला 1,100 रुपये आहे. म्हणजेच 720 तासांचे 7,92,000 रुपये बिलातून गळतात, आणि पगार मात्र पूर्ण द्यावे लागतात. शुल्क धरून या वर्गाची खरी किंमत 13,32,000 रुपये आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही तूट वर्गाच्या महिन्यात दिसणार नाही. बिलाचे पैसे साठ दिवसांनी येत असल्यामुळे ती दोन महिन्यांनी, प्रशिक्षण संपून सगळे सुरळीत झाले असे वाटत असताना, चालू खात्यात खड्डा पाडेल; आणि ज्या खात्यात एका महिन्याच्या पगाराइतकीही रक्कम नाही, त्याला तो खड्डा सोसणार नाही. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

म्हणून पहिल्या फेरीत चारच जणांना पाठवावे, आणि त्यांत ज्येष्ठांबरोबर एक तरी असा असावा ज्याला दुसऱ्याला समजावून सांगण्याची हौस आहे. त्यांचे शुल्क 1,80,000 रुपये आणि बुडालेले बिल 2,64,000 रुपये. त्यानंतर या चौघांनी आपली सर्वांत लहान प्रणाली प्रत्यक्ष नव्या आवृत्तीवर न्यावी. पॅकेजांची नावे बदलण्यासारखे कंटाळवाणे काम ओपनरीराइट हे मुक्त साधन बऱ्याच अंशी करते, त्यामुळे माणसांचा वेळ खऱ्या अडचणींना मिळतो. या टप्प्यावर प्रशिक्षकाला दोन दिवस फक्त सल्ल्यासाठी बोलवावे, त्याचे 50,000 रुपये धरू. मग चौघांपैकी दोघांनी उरलेल्या आठ जणांना चार दिवस त्याच कोडवर शिकवावे. शिकणाऱ्यांचे बिल 2,11,200 रुपयांनी आणि शिकवणाऱ्यांचे 52,800 रुपयांनी कमी होईल. सगळे मिळून 7,58,000 रुपये, म्हणजे मूळ योजनेपेक्षा 5,74,000 रुपये कमी, आणि तोही खर्च दोन-तीन महिन्यांत विभागलेला.

जीएसटी आपण नोंदणीकृत असल्यामुळे अंतिम खर्चात धरलेला नाही. शुल्क आणि सल्ला मिळून 2,30,000 रुपयांवर 41,400 रुपये आधी भरावे लागतील. निर्यातीमुळे ते परतावा म्हणून मिळतील, पण तोवर ते अडकलेले राहतील.

ठेवीचा प्रश्न यानंतर सोपा होतो. ती तीन वर्षांपूर्वी सात टक्क्यांनी ठेवलेली आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला, त्यामुळे मोडलेली ठेव पुन्हा त्याच दराने ठेवता येईल अशी आशा धरू नये. मुदतपूर्व मोडण्याचा दंड एक टक्का गृहीत धरला तरी आठ लाखांवर तीन वर्षांचे सुमारे 24,000 रुपये जातात. त्याऐवजी ठेवीच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे गरजेपुरती उचल, घ्यावा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते; तीन लाख रुपये नऊ टक्क्यांनी तीन महिने वापरले तर 6,750 रुपये. ठेव मुलीच्या नावाने नसून आपल्याच नावाने आहे, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

कोड लिहिण्याच्या संपादन साधनांवर लगेच मोठा खर्च नको. एक्लिप्स विनामूल्य आहे. इंटेलिजे आयडियाची सशुल्क आवृत्ती स्प्रिंगच्या कामात नक्कीच सोयीची आहे, पण ती आधी चौघांपुरती घेऊन पाहावी. जेडीकेबाबत अधिक जपावे. जावाची मालक कंपनी ओरॅकलचे स्वतःचे जेडीके विनामूल्य वापरण्याची मुदत पुढील दीर्घकालीन आधाराच्या आवृत्तीनंतर वर्षभराने संपते, आणि जानेवारी 2023 पासून त्यांचे सशुल्क सदस्यत्व प्रोग्रामरांवर नव्हे तर संस्थेतील सर्व कर्मचाऱ्यांवर मोजले जाते. दरमहा माणशी 15 डॉलर या छापील दराने आपल्या चौदा जणांचे, त्यांत हिशेबनीसही आले, वर्षाला 2,520 डॉलर होतील. टेमुरिन किंवा कोरेटो हे ओपनजेडीकेचे (जावाच्या मुक्त आवृत्तीचे) विनामूल्य संच आपल्या कामाला पुरेसे आहेत. कोणत्या संगणकावर कोणता संच आहे याची नोंद मात्र ठेवावी.

प्रशिक्षण घेऊन माणसे सोडून जातील, म्हणून प्रत्येकाकडून एक लाखाचा करार लिहून घ्यावा, असेही आपण सुचवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे सेवेची आणि दोन लाख रुपये भरपाईची अट ग्राह्य धरली, हे खरे. पण तेथे सार्वजनिक बँकेच्या भरती प्रक्रियेचा खर्च विचारात घेतला गेला होता. आपल्या बाबतीत ज्याच्यावर 45,000 रुपये खर्च झाले, त्याच्याकडून तेवढीच रक्कम, महिन्यागणिक घटत जाणारी आणि वर्षभरात शून्य होणारी, अशी अट न्याय्य ठरेल. आठ जणांना तर सहकाऱ्यांनी शिकवले आहे. त्यांच्याकडून काहीही लिहून घेऊ नये.

आणि संस्थेला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ग्राहकाकडून या स्थलांतराच्या कामाचा स्वतंत्र, तासांसह लेखी आदेश घ्यावा. लहान प्रणालीवर चौघांनी घालवलेले तास त्यात बसले, तर ओव्हरड्राफ्टची गरज निम्म्यावर येऊ शकते. आदेश येईपर्यंत वर्गाची तारीख ठरवू नये.